भुताला मानधन नाही

विसावं शतक उजाडता उजाडता बडोद्यात एका मराठी फोटोग्राफरचं दुकान अफवेने बसलं. अफवा अशी, की हा माणूस काचेच्या डोळ्यातून तुमच्या अंगातली शक्ती ओढून घेतो आणि फोटो काढलेला माणूस लवकर मरतो. गिऱ्हाईक फिरकेना. बडोद्याच्या एका राजपुत्रानेही आयुष्य कमी होईल या भीतीने फोटोला बसायला नकार दिला. फोटोग्राफरने दरबारात जाऊन या कलेचे फायदे समजावून सांगितले. राजपुत्राला पटलं, गावाला काही पटलं नाही. शेवटी बिचाऱ्याने नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायला घेतले. त्याचं नाव धुंडिराज गोविंद फाळके.

शापित कॅमेरा, घाबरलेला राजपुत्र, धंदा बुडालेला नायक! आजच्या एखाद्या ओटीटीवाल्याच्या कानावर ही गोष्ट गेली तर दोन सीझन पक्के.

खिसा फाटका आणि भूत मात्र तालेवार, अशा सिनेमांची ही जत्रा आहे. आमचं म्हणणं एवढंच, की पैसा कमी असला की भूत चांगलं होतं. पुरावे पुढे येतीलच, हाताला लागतील त्या क्रमाने.

प्रोफेसर केळफा

फाळके बडोद्याला आले ते थोरल्या भावाबरोबर, १८८६ मध्ये. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत १८९० साली तिथे कलाभवन सुरू झालं. त्याचे प्रमुख प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर हे मूळचे रसायनशास्त्राचे. त्यांनी या मुलाचं डोकं ओळखलं, त्याला तीनरंगी ब्लॉक बनवण्याचं तंत्र शिकायला रतलामला धाडलं आणि परत आल्यावर कलाभवनाचा फोटो स्टुडिओ वापरायला दिला. एका आदर्श नाट्यगृहाची प्रतिकृती करून फाळक्यांनी १८९२ मध्ये अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात सुवर्णपदकही मिळवलं. पुढे गोध्र्याला फोटोग्राफीचं दुकान थाटलं. तिथे १९०० च्या प्लेगमध्ये पत्नी आणि मूल दोघंही गेली. ते बडोद्याला परतले, आणि मग ती शक्ती ओढण्याची अफवा.

त्याच सुमारास त्यांना एक जर्मन जादूगार भेटला. फाळके त्याच्याकडून जादू शिकले आणि स्वतःच खेळ करू लागले. रंगमंचावरचं नाव होतं ‘प्रोफेसर केळफा’. फाळके उलटं वाचलं की केळफा. पुढे सिनेमा हातात आल्यावर त्यांनी या केळफाच्या प्रयोगांचंही चित्रण करून ठेवलं.

भुताटकीचा सिनेमा आणि जादूगार यांचं गोत्र एकच. जगातला पहिला भयपट म्हणून ज्याचं नाव घेतात तो ‘ल मान्वार द्यु दियाब्ल’ १८९६ सालचा, लांबी तीन मिनिटांच्या आसपास. त्यात वटवाघळाचा सैतान होतो, सांगाडे येतात-जातात, आणि हे सगळं करणारा जॉर्ज मेलिएस पॅरिसमध्ये जादूचं थिएटर चालवत होता. कॅमेरा थांबवायचा, माणूस बाजूला करायचा, कॅमेरा पुन्हा सुरू करायचा. माणूस गायब! खर्च काहीच नाही. नटाने मात्र जागचं हलू नये, एवढीच अट.

फाळक्यांच्या पौराणिक सिनेमांत भूत नसलं तरी चमत्कार भरपूर होते. ते ज्या हिकमतींनी केले त्याच हिकमतींवर पुढे सगळी भुतं जगली. ‘लंकादहन’मध्ये मारुती उडाला, ‘कालियामर्दन’मध्ये त्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण होऊन कालियाशी झुंजली. त्याआधी १९१२ मध्ये त्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडं थोडं चित्रण करत महिनाभराची वाढ मिनिटा-दीड मिनिटात दाखवली. पडद्यावर रोपटं आपोआप वर येताना पाहून सावकार चकित झाले आणि कर्ज मिळालं. भांडवल उभारायला सिनेमावाल्यांनी आजवर काय काय दाखवलं असेल, पण वाटाणा एवढाच.

‘राजा हरिश्चंद्र’ हा आजच्या भाषेत शंभर टक्के स्वतंत्र सिनेमा होता. स्टुडिओ म्हणजे दादरचा बंगला. फाळक्यांच्या दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाई यांचे दागिने गहाण पडले. त्याच बाई युनिटचा स्वयंपाक करत, कपडे धूत आणि रात्री अंधारात बसून कोऱ्या फिल्मला भोकं पाडत. नायिका मिळेना, म्हणून ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना तारामती केलं. हॉटेलात महिना दहा रुपये होते, फाळक्यांनी पंधरा देऊ केले. हेच साळुंके १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम झाले आणि सीताही झाले. एका मानधनात दोन भूमिका. काटकसरीचा हा विक्रम मोडायला पुष्कळ वर्षं लागली असतील. त्या सिनेमाने नाणी मात्र धो धो आणली. मद्रासला तिकिटांची चिल्लर बैलगाडीत घालून पोलीस पहाऱ्यात न्यावी लागली, असं सांगतात.

‘राजा हरिश्चंद्र’च्या बाहेरच्या चित्रणासाठी युनिट वांगणीला गेलं तेव्हा फाळके मागाहून यायचे होते. मंडळी देवळात उतरली, रंग लावला, ढाली-तलवारी घेतल्या. गावकऱ्यांना वाटलं दरोडेखोर! फौजदार आले आणि सगळा राजा-मंत्री लवाजमा अटकेत. फाळक्यांनी येऊन कॅमेरा दाखवला, खोटंखोटं चित्रण करून दाखवलं, तेव्हा कुठे सुटका झाली. बडोद्यात ज्या यंत्राने धंदा बुडवला, वांगणीत त्याच यंत्राने जामीन दिला.

दिसत नाही ते फुकट

आता एकदम अमेरिका, सन १९४२. आरकेओ स्टुडिओने व्हॅल ल्यूटन नावाच्या निर्मात्याला सांगितलं, भयपट काढ, शीर्षक आम्ही देऊ, पैसा मात्र दीड लाख डॉलरच्या आत. शीर्षक मिळालं ‘कॅट पीपल’. बाईचं रूपांतर बिबट्यात होतं हे दाखवायला चांगला मुखवटा परवडेना, म्हणून त्याने दाखवलंच नाही. सावली, पावलांचा आवाज, सुनसान रस्ता आणि एकदम फिस्सऽऽ! प्रेक्षक खुर्चीतून उडाले आणि बघतात तो काय, थांब्यावर बस आली होती. तिच्या ब्रेकची हवा. असल्या फसव्या दचक्याला आजही सिनेमावाले ‘ल्यूटन बस’ म्हणतात. आपल्याकडच्या एसटीनेही पिढ्यान्‌पिढ्या हा आवाज काढला, पण तिचं नाव कुणी इतिहासात घातलं नाही.

याच युक्तीचं टोक म्हणजे १९९९ चा ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’. डॅनियल मायरिक आणि एदुआर्दो सांचेझ या दोघांनी तीन अनोळखी नटांना मेरीलँडच्या जंगलात सोडलं. कॅमेरा नटांच्याच हातात. आठ दिवस चित्रण. दिग्दर्शक लांबून मागोमाग. पुढचा मुक्काम जीपीएसवर कळायचा, तिथे प्रत्येकासाठी वेगळी चिठ्ठी ठेवलेली असायची आणि एकाने दुसऱ्याची चिठ्ठी वाचायची नाही असा नियम. रोज जेवण थोडं थोडं कमी करत नेलं, म्हणजे चिडचिड अभिनयाने आणायला नको. रात्री तंबूबाहेर लहान मुलांच्या आवाजाची टेप लावली, तंबू हलवला. पडद्यावर दिसते ती घाबरगुंडी बऱ्याच अंशी अस्सल आहे. चेटकीण? ती शेवटपर्यंत दिसतच नाही.

प्रदर्शनाच्या वेळी हे तिघे खरोखरच बेपत्ता झालेत असा बोभाटा केला. ‘हरवले आहेत’ अशी पत्रकं वाटली. नायिका हेदर डोनाह्यूच्या आईला लोकांची सांत्वनाची कार्डं आली. लेक घरी जेवत असेल आणि टपाल असं! चित्रणाचा खर्च काही हजार डॉलरांत मोजण्याइतका, जगभरची कमाई मात्र जवळपास पंचवीस कोटी डॉलर. त्या कमाईत आमचा न्याय्य वाटा कुठे, असं ते तीन नट २०२४ मध्येही जाहीरपणे विचारत होते. न दिसणाऱ्या चेटकिणीला मानधन नव्हतं हे समजू शकतं, पण दिसलेल्या माणसांचं काय?

ओरेन पेली हा व्हिडिओ गेमचा प्रोग्रॅमर. सिनेमाचं शिक्षण शून्य. त्याने सॅन डिएगोतलं स्वतःचं राहतं घर वर्षभर रंगवून, सजवून तयार केलं आणि २००६ मध्ये सात दिवसांत ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’ चित्रित केला. खर्च पंधरा हजार डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने साधारण सात लाख रुपये. दोन मुख्य नटांना सुरुवातीला पाचपाचशे डॉलर. बहुतेक वेळ कॅमेरा बेडरूमच्या कोपऱ्यात तिपाईवर उभा, जोडपं झोपलेलं, आणि आपण दाराकडे टक लावून बसलेले. दार दोन इंच हललं की थिएटरभर किंकाळ्या. कमाई एकोणीस कोटी डॉलरच्या वर गेली. याची डीव्हीडी स्टीव्हन स्पीलबर्गने घरी पाहिली, नंतर त्याच्या बेडरूमचं दार आतून आपोआप बंद झालं म्हणून ती डीव्हीडी त्याने कचऱ्याच्या पिशवीत घालून परत आणली, असा किस्सा आहे. खरा असो वा जाहिरातवाल्यांचा असो, चित्रपटाचा शेवट त्याच्या सूचनेवरून बदलला एवढं नक्की.

कॅनडाच्या काइल एडवर्ड बॉलने तर कमालच केली. ज्या घरात लहानाचा मोठा झाला त्या आईबापांच्या घरात त्याने ‘स्किनामरिंक’ काढला, पंधरा हजार कॅनेडियन डॉलरमध्ये. त्यात बहुतेक वेळ भिंती, छत, गालिचा आणि अंधार दिसतो. माणसांचे चेहरे जवळजवळ नाहीतच. काहींना झोप येते, काहींची उडते. मधला मार्ग नाही.

आणि २०२० च्या टाळेबंदीतला ‘होस्ट’: सहा मित्र-मैत्रिणी व्हिडिओ कॉलवर प्रेतात्म्याला बोलावतात. दिग्दर्शक रॉब सॅव्हेज नटांच्या खोलीत एकदाही गेला नाही. ज्याने त्याने आपापला दिवा लावला, आपापला कॅमेरा सांभाळला. लांबी तासाभराहून कमी. कल्पनेपासून प्रदर्शनापर्यंत सगळं बारा आठवड्यांत. आपल्याकडे तेवढ्या वेळात मुहूर्ताचा नारळ फुटतो.

सात भाऊ, एक कुटुंब

कुटुंबकबिल्यानिशी भूत काढायचं झालं तर रामसे बंधूंना तोड नाही. वडील फतेहचंद रामसिंघानी यांचं फाळणीपूर्वी कराचीत रेडिओचं दुकान होतं. गोऱ्या गिऱ्हाइकांच्या जिभेवर आडनावाचं रामसे झालं. सिनेमा काढून हात पोळले होते. १९७० मध्ये ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ पडला, पण त्यात पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा घालून चोरी करतात तेवढा प्रसंग पाहायला लोक पुन्हा पुन्हा येतात असं मुलांच्या लक्षात आलं. मग उरलेला सिनेमा हवा कशाला? नुसता मुखवटाच काढू!

सात मुलांनी कामं वाटून घेतली. कुमारकडे लेखन, तुलसी आणि श्याम दिग्दर्शनाला, गंगू कॅमेऱ्याला, किरण ध्वनीला, अर्जुन संकलनाला, केशू निर्मितीच्या धावपळीला. वडिलांनी जोसेफ मासेलीचं कॅमेऱ्यावरचं पाठ्यपुस्तक आणून दिलं आणि ते काश्मीरच्या हाउसबोटीत घोकून घेतलं. मग सगळी वरात महाबळेश्वरला. ‘दो गज जमीन के नीचे’ तिथल्या विश्रामगृहात राहून चाळीसेक दिवसांत, साडेतीन लाखांच्या आसपास खर्चात तयार झाला, १९७२ मध्ये लागला आणि चालला. आचारी घरचा, जेवायला घरचे, घाबरायला गावचे.

‘पुराना मंदिर’ १९८४ चा. त्यासाठी कोकणात मुरुडच्या नवाबाचा राजवाडा कामाला आला. समुद्राकाठची ती वास्तू कमानी-मनोऱ्यांसह तयार सेटच होती. त्यातला साम्री नावाचा राक्षस साकारणारा अनिरुद्ध अग्रवाल हा रुडकीला शिकलेला स्थापत्य अभियंता. इमारती बांधायला शिकला आणि पडक्या वाड्यांत वावरून प्रसिद्ध झाला. पुढे १९९३ मध्ये रामसे ‘झी हॉरर शो’ घेऊन थेट दिवाणखान्यात आले, आणि एका अख्ख्या पिढीने पांघरुणाच्या फटीतून दूरदर्शनेतर वाहिनी पाहायला सुरुवात केली.

रक्ताची पाककृती

जॉर्ज रोमेरोचा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ (१९६८) कृष्णधवल होता म्हणून रक्तासाठी चॉकलेटचं सिरप चाललं. प्रेतं जे मांस खातात ते एका भागीदाराने दिलं. त्याचा मांसविक्रीचा धंदा होता. पण याच सिनेमाने एक महागडी चूकही केली. प्रदर्शनाआधी नाव बदललं, नव्या शीर्षकपट्टीवर स्वामित्वहक्काची ओळ घालायची राहिली, आणि त्या काळच्या अमेरिकन कायद्याने सिनेमा सगळ्यांच्या मालकीचा झाला. कुणीही दाखवा, कुणीही विका.

सॅम रायमीच्या ‘द इव्हिल डेड’मध्ये रक्त म्हणजे मक्याचा पाक, खायचा लाल रंग आणि वर कॉफीत घालतात ती पावडर. नायक ब्रूस कॅम्पबेलचा शर्ट त्या पाकाने इतका कडक झाला की घालायला जाताना मोडला. फाटला नाही, मोडला. टेनेसीतल्या ज्या पडक्या लाकडी घरात चित्रण चाललं तिथेच मंडळी झोपत. शेवटी शेवटी थंडी इतकी वाढली की घरातलं सामान जाळून शेकावं लागलं. जंगलातून काहीतरी अदृश्य धावत येतं असं जे दिसतं ते करायला कॅमेरा एका फळीवर ठोकला आणि फळीची दोन टोकं धरून दोघं पळत सुटले. महागड्या यंत्राला पर्याय म्हणून निघालेली ही फळी आज चित्रपट शाळांत शिकवतात. संकलनात मदतीला एक होतकरू पोरगा होता, त्याचं नाव जोएल कोएन.

जपानचा ‘वन कट ऑफ द डेड’ (२०१७) तीस लाख येनमध्ये झाला आणि त्याने तीनशे कोटी येनच्या वर कमावले. हजारपट! सुरुवातीची सदतीस मिनिटं एका दमात, मध्ये कट नाही. ती पाहताना सिनेमा भिकार वाटतो. उठून जाऊ नका, एवढंच सांगतो. त्यापुढे काही सांगणं पाप आहे.

आमची भुतं, मराठीत

मराठी भूत मुळात विनोदाच्या अंगाने जास्त फिरलं. महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’ने (१९९३) बाहुल्यात गुंडाचा आत्मा घातला. बाहुला शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांचा, आवाज आणि अवतार दिलीप प्रभावळकरांचा. एवढ्याशा बाहुल्याने लक्ष्मीकांत बेर्डेंना जे पळवलं ते आजही टीव्हीवर लागलं की घरातली कामं थांबतात.

हिंदी सिनेमातल्या भुतालाही अधूनमधून मराठी सुचतं. २०११ चा ‘रागिनी एमएमएस’ हा मोजक्या पैशांतला, घरातल्या छुप्या कॅमेऱ्यांतून दिसणारा सिनेमा. त्यातली चेटकीण चक्क मराठीत बोलते. मुंबईच्या मल्टिप्लेक्समध्ये बाकीचे घाबरत असताना आपण मात्र तिचं व्याकरण तपासत बसायचं.

विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ (२०१७) हा खरा धाडसाचा. मोठा वाडा नाही, मनोरे नाहीत. ऊस! पुरुषभर उंचीचा, चहूकडे सारखाच दिसणारा, वाऱ्याने सळसळणारा ऊस, आणि त्यात पळणारी गरोदर बाई. पश्चिम महाराष्ट्रात वाढलेल्या कुणालाही उसाच्या फडातली दिशाभूल सांगावी लागत नाही. पूजा सावंत आणि उषा नाईक यांनी तो तोलून धरला. भुताच्या आडून गोष्ट होती स्त्रीभ्रूणहत्येची. फुरियांनीच २०२१ मध्ये त्याचा हिंदी अवतार ‘छोरी’ काढला.

आणि ‘तुंबाड’. याला अगदी स्वस्त म्हणणं बरोबर नाही, पण स्वतंत्र आणि हट्टी म्हणायला हरकत नाही. राही अनिल बर्वे हे ‘थँक यू मिस्टर ग्लाड’वाल्या अनिल बर्व्यांचे चिरंजीव. १९९३ मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने त्यांना नारायण धारपांची एक गोष्ट सांगितली. ती मानेवर बसली ती उतरेचना. १९९७ मध्ये पहिला खर्डा झाला, पुढे सातशे पानांचा स्टोरीबोर्ड झाला, निर्माते आले आणि गेले. चित्रीकरण २०१२ मध्ये सुरू झालं, बरंचसं पुन्हा करावं लागलं, आणि सिनेमा लागला १२ ऑक्टोबर २०१८ ला. त्याआधी व्हेनिसच्या महोत्सवात समीक्षक सप्ताहाचा पडदा याच सिनेमाने उघडला होता.

सिनेमाभर कोसळणारा पाऊस नळीचा नव्हे, आभाळातला. चार पावसाळे थांबून टिपलेला. वाडा सासवडचा. घरातला उजेड कंदिलांचा वाटावा असा बेताचा, पंकज कुमार यांच्या कॅमेऱ्याने जपलेला. आणि साखळदंडाने बांधलेली ती शापित आजी आठवते ना, जिला पाहून मोठी माणसंही पाय वर घेऊन बसली? ती भूमिका मोहम्मद समद या मुलाने केली होती. तोच पुढे नायकाचा लेक पांडुरंग म्हणून दिसतो. एकाच पोराला पणजीही केलं आणि पणतूही. नाव घेतलं श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीवरून. गोष्टीचा तिच्याशी संबंध नाही. पहिल्यांदा लागला तेव्हा लोक जेमतेम आले. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लावला तर पहिल्या खेपेपेक्षा जास्त गल्ला जमला. सिनेमातल्या हस्तर या हावरट देवाला भूक उशिरा लागली म्हणायची.

बडोदेकर होतकरूंसाठी

दांडिया बाजारातल्या किंवा प्रतापनगरातल्या कुणा पोराच्या डोक्यात भूत शिरलंच असेल तर जागांची ददात नाही. सयाजीबागेतल्या संग्रहालयात खरीखुरी इजिप्शियन ममी आहे, आणि महीच्या खाडीत वाहून आलेल्या निळ्या देवमाशाचा भलाथोरला सांगाडाही. दोघांना मेकअप लागत नाही. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात नवलखी नावाची जुनी पायविहीर आहे. विहिरीत खाली उतरणारा जिना हा भयपटाला देवाने दिलेला दृश्यबंध. पन्नासेक किलोमीटरवर चांपानेर-पावागड, ओस पडलेली अख्खी राजधानी, २००४ पासून जागतिक वारसा यादीत. तिथे पुरातत्त्व खात्याचा कागद लागतो. अर्जात हवं तर लिहा, की १९०३ च्या सुमारास याच खात्यात फाळके छायाचित्रकार म्हणून नोकरीला होते. कागद लवकर मिळेल असं नाही, पण बाबूंची करमणूक होईल.

गुजरातीत हे होऊ शकतं याचा पुरावा ताजा आहे. कृष्णदेव याज्ञिक यांचा ‘वश’ १० फेब्रुवारी २०२३ ला लागला. एक सुखवस्तू कुटुंब, एक फार्महाउस आणि वाटेत भेटलेला एक गोडबोल्या माणूस. तो मुलीला काहीतरी खायला देतो, आणि मग ती त्याचं ऐकते. हस म्हटलं की हसते, थांब म्हणेपर्यंत. पडद्यावर पिशाच नाही, पांढरी साडी नाही, वटवाघूळसुद्धा नाही. सगळं भूत जानकी बोडीवालाच्या डोळ्यांत आणि हितेन कुमारच्या थंड आवाजात. बाप झालेल्या हितू कनोडियाची आणि आई नीलम पांचालची जी असहाय तगमग दिसते, तिला कुठलं तंत्रज्ञान लागलं?

वर्षभरात मुंबईने ती गोष्ट उचलली. ८ मार्च २०२४ ला ‘शैतान’ आला. बाप अजय देवगण, आई ज्योतिका, मांत्रिक माधवन. सगळे बदलले, मुलगी मात्र तीच ठेवली: जानकी. गुजरात विधानसभेने काळ्या जादूविरोधी कायदा मंजूर केला तोही त्याच वर्षी, ऑगस्टमध्ये. सिनेमाचा आणि कायद्याचा संबंध जोडायचा मोह आवरा, योगायोगसुद्धा कधीकधी फुकट मिळतात. ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाले तेव्हा सर्वोत्कृष्ट गुजराती चित्रपट ‘वश’ ठरला, आणि जानकीला सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. सिनेमाभर दुसऱ्याच्या हुकमाने नाचणाऱ्या मुलीला ‘सहायक’ म्हणणं हा परीक्षकांचा विनोद आम्हाला भारी आवडला.

त्याच महिन्याच्या २७ तारखेला ‘वश लेव्हल २’ गुजराती आणि हिंदीत एकदमच लागला. या खेपेला एका मुलीवर भागलं नाही. वश झाल्या त्या गणवेशातल्या, दोन वेण्या घातलेल्या शाळेतल्या मुली, घोळक्याने.